पहिलंच घर आणि अहवालात 11 लाल खुणा

पत्र तिशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. घरात ती, नवरा आणि 14 महिन्यांचा मुलगा. आयुष्यातलं पहिलं घर घ्यायचं ठरतंय. घर साधारण 50 वर्षांचं, दुमजली, विटांच्या भिंतींचं, उतरत्या कौलारू छपराचं. मागच्या बाजूला, मूळ घराला जोडून नंतर बांधलेलं स्वयंपाकघर आहे आणि त्यावर स्लॅब. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक मोठं झाड आहे. घर आवडलं ते त्या झाडामुळेच. विसार अजून दिलेला नाही. त्याआधी बांधकामाची तपासणी करून घेतली, तर 52 पानी अहवाल आला. त्यात 11 लाल खुणा आणि 19 पिवळ्या.

लाल खुणांमधल्या मुख्य बाबी अशा: मूळ घर आणि स्वयंपाकघर यांच्या सांध्यात उभी भेग, वर 4 मिलिमीटर रुंद आणि खाली येईपर्यंत जवळजवळ नाहीशी, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल, स्लॅबचे पोपडे निघून एका जागी सळई उघडी पडलेली, जुनं वायरिंग, छपराची लाकडं ‘पाहता आली नाहीत’, आणि ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पुढील तपासणी आवश्यक’. पिवळ्या खुणांमध्ये मूळ छपराची मागची पन्हळ फुटल्याची नोंद आहे. नवरा म्हणतो, सोडून देऊ. एजंट म्हणतो, जुन्या घरात हे चालायचंच. घरमालकाने दहा दिवसांत उत्तर मागितलंय. ती लिहिते, “आम्ही दोनदा घर पाहिलं, मला यातलं काहीच दिसलं नाही. आता डोळे मिटले की ती भेगच समोर येते. ताई, हे घर वाईट आहे का, एवढंच सांगा.”

—

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. “एवढंच सांगा” म्हणालात, पण तेवढंच मला सांगता येणार नाही. ते तुमच्या तपासनीसानेही सांगितलेलं नाही. 52 पानं पुन्हा चाळून बघा, ‘हे घर वाईट आहे’ असं वाक्य त्यात कुठेच सापडणार नाही. काय दिसलं, काय दिसू शकलं नाही आणि पुढे कोणाला विचारायचं, एवढंच त्याने लिहिलंय. निकाल तुम्ही मनात लावलात आणि तो लाल रंगाकडे बघून लावलात.

म्हणून आधी त्या रंगाचं बघू. तुमच्या अहवालात लाल म्हणजे नेमकं काय, ते पहिल्या दोन-तीन पानांत बारीक अक्षरात दिलेलं असतं. बहुतेक जण ती पानं उलटून पुढे जातात. काही अहवालांत लाल म्हणजे धोका, काहींत तातडीचं काम, आणि अनेकदा ‘मला खात्री देता येत नाही, तज्ज्ञाला दाखवा’ एवढाच त्याचा अर्थ असतो. तुमच्या यादीत जुनं वायरिंग आणि न दिसलेलं छप्पर दोन्ही लाल आहेत. पहिल्याबद्दल सगळं माहीत आहे, दुसऱ्याबद्दल काहीच माहीत नाही. रंग एकच असला तरी या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. म्हणून 11 हा आकडा डोक्यातून काढून टाका. एकच लाल खूण असलेलं घर सोडावं लागतं आणि पंधरा असलेलं निर्धास्त घेता येतं, असं होऊ शकतं.

दुसरं, तुम्हाला काही दिसलं नाही याची बोच. तुम्ही बघत होतात पाळणा कुठे राहील, सकाळचं ऊन कुठे येईल. तपासनीस बॅटरी, ओलमापक आणि शिडी घेऊन भिंती बघत होता. तुम्हाला जे दिसत नाही ते दिसावं म्हणूनच तुम्ही त्याला पैसे दिलेत आणि तेही विसार देण्याआधी. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांपैकी फार जणांना हा क्रम जमत नाही. तुम्हाला जमला.

आता एक काम करा, आणि ते दोघांनी मिळून करा. एका मोठ्या कागदावर घराचा साधा नकाशा काढा, तळमजला आणि वरचा मजला. अहवालातली प्रत्येक नोंद, लाल असो की पिवळी, जिथली आहे तिथे टिंब देऊन मांडा. अहवाल प्रकरणांनी लिहिलेला असतो: भिंतींचं प्रकरण वेगळं, छपराचं वेगळं, पाण्याच्या निचऱ्याचं वेगळं. एकाच कोपऱ्यातल्या चार गोष्टी त्यामुळे चार वेगवेगळ्या पानांवर जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, घर चहूबाजूंनी ढासळतंय.

तुमच्या पत्रात तर हे ढळढळीत दिसतं. भेग मागे, ओल मागे, उघडी सळई मागे. आणि या सगळ्यांच्या वर मूळ छपराची फुटलेली पन्हळ, जिला बिचाऱ्या तपासनीसाने पिवळी खूण दिली, कारण पन्हळ बदलणं हे सुटं काम म्हणून किरकोळच आहे. पण ती कुठे गळते? स्लॅबवर. स्लॅबवरून पाणी सांध्यात, सांध्यातून भिंतीत, भिंतीलगत खाली पायापाशी. तुमच्या तीन लाल खुणांची आई ती एक पिवळी खूण असू शकते. हा माझा तर्क आहे, निदान नव्हे; पत्रावरून निदान होत नाही. पण तपासनीसाला फोन करून हा प्रश्न तुम्ही विचारू शकता: “या तीन गोष्टींचं कारण एकच असेल का?” असा फोन नक्की करा. माणसं कागदावर जपून लिहितात आणि बोलताना मोकळी होतात. कोणती गोष्ट पाहून तो स्वतः थबकला आणि कोणती केवळ नियम म्हणून लिहिली, तेही विचारा.

भेगेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची झोप तिने उडवली आहे.

भेगेची रुंदी हा एक आधार आहे. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने केलेली वर्गवारी अनेक इंजिनिअर वापरतात. तिच्यात 1 मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अगदी किरकोळ, 5 मिलिमीटरपर्यंतच्या सौम्य आणि 5 ते 15 मिलिमीटरच्या मध्यम धरल्या जातात. 15 च्या पुढे गंभीर, 25 च्या पुढे अति गंभीर. तुमची 4 मिलिमीटरची भेग सौम्य गटात बसते. यामुळे जरा हायसं वाटलं असेल तर वाटू द्या, पण तिथेच थांबू नका. रुंदीवरून आजवर काय झालं ते कळतं, पुढे काय होतंय ते कळत नाही. वीस वर्षांपूर्वी पडून थांबलेली 4 मिलिमीटरची भेग आणि मागच्या वर्षी सुरू झालेली 4 मिलिमीटरची भेग, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुम्ही स्वतः काय बघू शकता? भेगेच्या आत बॅटरी मारून पाहा. आत जुना रंग, धूळ, जाळी दिसली तर भेग जुनी असण्याची शक्यता वाढते. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील तर ती अलीकडची असावी. कधीकाळी बुजवलेली जागा पुन्हा फाटली असेल तर ती फार बोलकी खूण आहे, तिचा फोटो काढा. भेगेजवळची दारं-खिडक्या उघडून-लावून पाहा, चौकटीला घासतात का? भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे की फक्त गिलाव्यात? फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, इंजिनिअरला त्याचा उपयोग होतो.

मूळ घर आणि वाढीव बांधकाम यांच्या सांध्यात भेग पडणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. दोन्हींचे पाये वेगळ्या काळातले, बहुधा वेगळ्या खोलीचे. जुनं घर बसून स्थिरावलेलं असतं आणि नवं मागाहून आपल्या परीने बसतं. पण तुमची भेग वर रुंद आणि खाली बारीक आहे, म्हणजे मागचा भाग किंचित बाहेरच्या बाजूला कलत असावा. तसं का होतंय, हा खरा प्रश्न. त्याची निदान तीन उत्तरं संभवतात. पन्हळीच्या पाण्याने पायाखालची माती मऊ झाली असेल. स्वयंपाकघराचा जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप फुटून माती वाहून जात असेल. किंवा नेमकं उलटं: जमीन चिकणमातीची असेल आणि झाड तिच्यातलं पाणी शोषून घेत असेल, म्हणून माती आकसत असेल. पहिल्या दोन ठिकाणी पाणी जास्त झालंय, तिसऱ्या ठिकाणी कमी. उपायही त्यामुळे परस्परांच्या उलटे आहेत. ‘पुढील तपासणी आवश्यक’ या वाक्यामागे हे एवढं आहे. ते तपासनीसाने अंग काढून घेणं नाही. आपल्या हातातल्या साधनांनी कुठवर जाता येतं हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलंय.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. हालचाल थांबली आहे की चालू आहे? हे ठरवायला तुम्हाला काय लागेल? आणि वर्षभर काहीच केलं नाही तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही महिने निरीक्षण’ असं येऊ शकतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा पक्क्या करून ठराविक दिवसांनी अंतर मोजतात. ओल्या आणि कोरड्या, दोन्ही ऋतूंत ते मोजावं लागतं. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल, पण पाइपची चाचणी लवकर होते आणि पायापाशी छोटा खड्डा घेऊन माती आणि पायाची खोली पाहणंही फार लांबत नाही. घरमालकाची परवानगी मात्र हवी. ती मागा, आणि तो काय म्हणतो याकडे लक्ष द्या.

स्लॅबच्या बाबतीत मला तुमच्यापेक्षा थोडी जास्त काळजी वाटते. नवं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 12 च्या पुढे असतो, आणि त्या आवरणात सळईला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि सामू उतरत जातो. तो उतार सळईपर्यंत पोचला आणि वर पाणीही मिळालं, की गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं. तो फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलून पोपडे काढतो. म्हणजे जे पडलेलं दिसतंय त्याच्या आजूबाजूलाही आत काही चाललेलं असू शकतं. छोट्या हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे-कुठे येतो ते इंजिनिअर शोधेल. फोडलेल्या ताज्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाकलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, सामू उतरलेलं तसंच राहतं. स्वस्त आणि झटपट चाचणी आहे, ती करून घ्या. केवळ रिबाउंड हॅमरचे आकडे दाखवून कोणी ‘स्लॅब ठणठणीत’ म्हणालं तर मान डोलावू नका. ते यंत्र पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतं, आणि सामू उतरलेला जुना पृष्ठभाग उलट जास्त कठीण भासतो.

सळईची किती जाडी गंजून गेली आणि असा भाग किती मोठा आहे, यावर सगळं अवलंबून. थोडकाच असेल तर दुरुस्ती होते. पण गंजाच्या वरून सिमेंट थापणं म्हणजे दुरुस्ती नाही. सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज साफ करून, संरक्षक लेप देऊन मग दुरुस्तीचा मसाला भरावा लागतो. दरपत्रकात हे टप्पे लिहिलेले नसतील तर काम फक्त वरवरचं होणार आहे.

ओलीबद्दल थोडक्यात. ओलमापकाचा आकडा अहवालात मोठा दिसला म्हणून घाबरू नका. ही यंत्रं विजेच्या वहनावर चालतात, त्यांचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात, आणि भिंतीला लोणा असेल तर त्या क्षारांमुळे आकडा फुगतो. भिंतीच्या कुठल्या भागात ओल आहे ते पाहणं जास्त उपयोगाचं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच असेल तर पाणी खालून चढतंय किंवा बाहेरची माती जोत्याच्या वर आली आहे. वरून उतरत असेल तर पन्हळ आणि सांधा बघा. आणि फुकट तपासणी करून लगेच रसायनाचं इंजेक्शन सुचवणाऱ्या माणसाकडून निदान घेऊ नका. निदान करणारा आणि उपाय विकणारा वेगवेगळे असावेत. कारण दूर केल्यावरही भिंत सुकायला वेळ लागतो. महिन्याला साधारण 25 मिलिमीटर जाडी, असा ढोबळ हिशेब धरतात. जाड भिंतीला वर्षही लागू शकतं आणि त्याआधी रंग लावला तर तो उडणारच.

तुमच्या यादीतल्या ज्या ओळीकडे तुम्ही सगळ्यात कमी लक्ष दिलंत, तिच्याकडे आता वळते. छपराची लाकडं ‘पाहता आली नाहीत’. आमचं पहिलं घर घेतलं तेव्हा आमच्या अहवालातही अशीच एक ओळ होती. माळ्याचं दार सामानाने अडलेलं होतं. आम्ही ती ओळ वाचली आणि ‘म्हणजे तिथे काही नाही’ असं समजून पुढे गेलो. तीन वर्षांनी एका खोलीचं छत खाली आलं. त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. तीन वासे भिंतीत शिरतात तिथे कुजून भुगा झाले होते. त्या रात्री आम्ही मुलांना घेऊन नातेवाइकांकडे गेलो आणि चार महिने तिथेच राहिलो. न दिसलेली गोष्ट ‘ठीक’ या रकान्यात टाकायची नसते, हे मला तेव्हा कळलं आणि ते फार महागात पडलं. तुमची पन्हळ फुटकी आहे, म्हणजे वाशांची टोकं भिजत असण्याची शक्यता आहेच. घरमालकाला माळा मोकळा करायला सांगा आणि तपासनीसाला पुन्हा बोलवा. तो थोडे जास्त पैसे मागेल, ते द्या.

वायरिंगवर मी वेळ घालवत नाही. ते पूर्ण बदलायचं, अर्थिंग नीट करायचं, विजेची गळती 30 मिलिअँपिअरला पोचली की तुटणारा गळतीरोधक ब्रेकर बसवायचा आणि हे सगळं राहायला जाण्याआधी. वायरमनकडून दरपत्रक घ्या आणि तो आकडा हिशेबात धरा. घर घ्यायचं की नाही, हे यावरून ठरत नाही.

आता माणसांबद्दल. तुमचा नवरा भित्रा आणि तुम्ही भाबड्या, अशी वाटणी तुमच्या पत्रात नकळत झाली आहे. मला ती पटत नाही. तो “सोडून देऊ” म्हणतो त्यामागे खर्चाची भीती आहे, की काम काढलं तर सगळं निस्तरायचं कोणी याची? विचारून बघा. घरात गवंडी असताना लहान मूल सांभाळणं हे पैशांइतकंच मोठं ओझं आहे. 14 महिन्यांच्या मुलाला धूळ आणि बुरशी दोन्ही चांगली नाहीत, आणि 50 वर्षांच्या घरातल्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नसतो. काम संपेपर्यंत तुम्हाला दुसरीकडे राहता येईल का, हा प्रश्न भेगेइतकाच महत्त्वाचा आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर चांगल्यातलं चांगलं घरही आत्ता तुमच्यासाठी नाही, आणि तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. एजंटचं “चालायचंच” हे वाक्य मात्र बाजूला ठेवा. जुन्या घरात भेगा असतात हे खरं आहे, पण तेवढ्याने या भेगेबद्दल काहीच कळत नाही.

दहा दिवसांत घराचं उत्तर मिळणार नाही, आणि ते द्यायला तुम्ही बांधील नाही. तुम्ही एवढं कळवू शकता: आम्हाला घर हवं आहे, इंजिनिअरची पाहणी, पाइपची चाचणी आणि माळ्याची तपासणी होईपर्यंत मुदत वाढवा, हा अहवालातला भाग सोबत जोडला आहे. लेखी कळवा. ज्याला घर खरंच विकायचं आहे तो बहुधा थोडं थांबतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाचा तपासनीसही तीच भेग बघणार आहे. तो माळा उघडायलाच तयार नसेल, तर मी तुमच्या जागी असते तर तिथेच थांबले असते.

पाहणी झाली की किमतीची बोलणी येतील. त्याआधी, म्हणजे एकही दरपत्रक हातात येण्याआधी, दोघांनी बसून एक आकडा कागदावर लिहा: दुरुस्तीला आपण जास्तीत जास्त किती घालू शकतो. आकडे आल्यावर ही मर्यादा ठरवायला बसलं तर मन तिला हळूहळू वर ढकलतं, झाड आवडलेलं असताना तर फारच. जुन्या घरात फोडल्यावर आणखी काही निघतंच, म्हणून दरपत्रकांच्या बेरजेत निदान पाचवा हिस्सा वर धरा. घरमालक “मीच दुरुस्त करून देतो” म्हणाला तर शक्यतो नको म्हणा, त्याऐवजी तेवढी किंमत कमी करून मागा. जाणारा माणूस दुरुस्ती विकण्यापुरती करतो, राहणाऱ्याला ती टिकायला हवी असते. कर्ज काढणार असाल तर बँकेच्या मूल्यांकनावर विसंबू नका. आपलं कर्ज सुरक्षित आहे का, हे ते बघतं. घराची तब्येत बघणं त्याचं काम नाही. आणि भिंत खचल्याची नोंद असलेल्या घराला विमा मिळेल का, हे विसार देण्याआधी विचारून घ्या.

हालचाल थांबलेली, पाइप ठीक, वासे शाबूत, स्लॅबची दुरुस्ती तुमच्या आकड्यात बसणारी, असं निघालं तर मला हे घर घेण्यासारखं वाटतं. हालचाल चालू असेल आणि कारण सापडत नसेल, तर नका घेऊ. तपासणीला दिलेले पैसे वाया गेले असंही मग म्हणू नका, ते त्या उत्तराचेच होते.

आणि झाडाबद्दल. भेगेचं कारण झाड असेल असं कळलं की कोणीतरी लगेच म्हणेल, तोडून टाका, प्रश्न मिटला. इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. चिकणमातीतलं पाणी वर्षानुवर्षं शोषणारं मोठं झाड एकदम गेलं की माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो; घराला नव्या भेगा पडतात. कधी नुसती फांद्यांची नियमित छाटणी पुरते, कधी पायाचंच काम करावं लागतं. पुढचा मोठा पाऊस पडेल तेव्हा तुम्ही दोघं छत्र्या घेऊन त्या घरामागे जा, पन्हळीतून पाणी कुठे पडतंय आणि झाडाच्या बुंध्याशी ते साचतंय की मुरतंय ते बघा. व्हिडिओ काढा आणि इंजिनिअरला पाठवा. त्याचं म्हणणं आलं की मलाही कळवा.